पुढच्या दोन दारांसाठी डॅम्पिंग शीट कोणती घ्यावी?

मध्यसप्तक
नमस्कार मंडळी. गाडी हॅचबॅक. पुढे साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर आणि सीटखाली चार चॅनेलचा छोटा अ‍ॅम्प बसवला आहे. एरवी छान वाजतं, पण आवाज निम्म्याच्या वर नेला की, गाडी उभी असली तरी, बासच्या ठरावीक सुरांना ड्रायव्हरकडचं दार झणझणतं. डावीकडचं कमी, उजवीकडचं जास्त.
बजेट आधीच सांगतो: एक छोटा पॅक, पुढची दोन दारं, बस्स. फ्लोअर, छत काही करायचं नाही, स्पीकरही बदलायचे नाहीत. काम स्वतःच करणार आहे. दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायची शीट ब्यूटिल रबराची घ्यावी की डांबरी? (ती बरीच स्वस्त पडते.) जाडी २ मिमी पुरेल का? अख्खं दार मढवायचं की तुकडे लावायचे? आणि वरून फोम लावतात तो लागतोच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दणदणीत
दोन दारं करून काहीही होत नाही. मी फ्लोअर, छत, चारही दारं, डिकी, व्हील आर्च आणि फायरवॉलला हात पोचेल तिथपर्यंत सगळं डायनामॅट एक्स्ट्रीम शीटने मढवलं. दार लावलं की आता नुसतं 'थप्प' होतं. शेजारचे विचारतात, गाडी बदलली का म्हणून. सीट काढल्याच आहेत तर फ्लोअर उरकून घ्या, पुन्हा पुन्हा कोण उघडतंय.

स्क्रू_उरला
सीट काढल्यात असं ते कुठे म्हणाले? दोन दारं म्हणालेत.
डांबरीबद्दल मी सांगतो. छपराची गळती बंद करायला वापरतात ती चंदेरी पाठीची पट्टी मला एका फिटरने "हेच ते, फक्त नाव वेगळं" म्हणून दारात चिकटवून दिली. पहिले काही दिवस बरं होतं. मग गाडी उन्हात राहायला लागली आणि आत डांबराचा वास सुटला, एसी लावला तरी जाईना. पुढे एक दिवस काच खाली घेतली ती वरच येईना. पॅनल उघडलं तर शीट पत्र्यावरून घसरून काच वरखाली करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये जाऊन बसलेली. ते काळं लिबलिबीत काढताना कपडे गेले ते गेलेच. फिटर म्हणतो ऊन फार होतं! उन्हात उभी करायची नाही तर गाडी कुठे ठेवायची, कपाटात?
ब्यूटिलच घ्या.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. मलाही करायचं आहे.

शून्य_डेसिबल
मध्यसप्तक, तुमच्या प्रश्नांना क्रमाने उत्तरं देतो, कारण इथे कोणी देईल असं दिसत नाही.
ब्यूटिल शीट आवाज अडवते हा गैरसमज आहे. ती पत्र्याची थरथर मारते. घंटेवर बोट ठेवलं की तिचा नाद तुटतो, तसं. पत्रा थरथरतो तेव्हा मधला ब्यूटिलचा थर पत्रा आणि वरचं अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये सरकल्यासारखा ताणला जातो आणि त्या कंपनाची उष्णता होऊन जाते. म्हणजे वरचं अ‍ॅल्युमिनियम शोभेचं नाही, अर्धं काम तेच करतं. फॉइल ०.१ मिमीच्या आसपास असावं. नखाने सहज भोक पडत असेल तर ती शीट सोडून द्या, खालचं ब्यूटिल कितीही जाड असलं तरी.
जाडी: पॅकवर '८० मिल' लिहितात ते इंचाचे हजारावे भाग, म्हणजे साधारण २ मिमी. तेवढी पुरते. २ मिमीची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या वर भरते, दाराच्या बिजागऱ्यांचाही विचार करा.
किती लावायची: सपाट पत्र्याचा साधारण पाव भाग झाकला तरी घुमणं बरंचसं मरतं. त्यापुढे लावाल तसा फरक पडतो, पण कमी कमी होत जातो. तुकडे पत्र्याच्या मध्यावर लावा. कडा आणि वळणं मुळातच ताठ असतात, तिथे वाया जातं.
विकणाऱ्याकडे लॉस फॅक्टरचा (शीट किती कंपन जिरवते त्याचा) आकडा मागा, एएसटीएम ई७५६ किंवा एसएई जे१६३७ या पद्धतीने मोजलेला, आणि कोणत्या तापमानाला मोजला तेही विचारा, कारण तापमानाबरोबर तो बदलतो. बहुतेक जण आकडा देतच नाहीत, मग त्यातूनच काय ते समजायचं.

दणदणीत
पाव भाग! ही कंजूष लोकांनी काढलेली टूम आहे. मी शंभर टक्के मढवलंय आणि फरक कानाला कळतो. आकडे कागदावर छान दिसतात.

शून्य_डेसिबल
तुम्ही शंभर टक्के मढवण्याआधी पाव भाग लावून ऐकलं होतं का?

दणदणीत
कशाला ऐकू?

सावकाश_चालव
सगळा खर्च टायरवर करा. साठच्या पुढे गाडीत जो आवाज येतो त्यात मोठा वाटा टायरचा. मी टायर बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून रेडिओचा आवाज कमी ठेवायला लागलो. युरोपात टायरच्या लेबलवर डेसिबलचा आकडाच छापलेला असतो, तो बघून घ्यायचे. शीट वगैरे दुय्यम.

टोकदार
लेबलवरचा तो आकडा गाडीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला मोजलेला असतो. आत बसलेल्याला किती ऐकू येईल ते तो सांगत नाही. आणि धागाकर्त्याचं दार गाडी उभी असतानाही झणझणतंय, त्यात टायर काय करणार?
थरथर मारणं (ब्यूटिल), बाहेरून येणारा आवाज अडवणं (जड व्हिनाइलचा पडदा, चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास, खाली फोम, कुठेही फट न ठेवता) आणि आत घुमणारा आवाज शोषणं (थिन्सुलेटसारखं तंतुमय काहीतरी) ही तीन वेगळी कामं आहेत. लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात आणि मग ब्रँडला शिव्या घालतात.

सावकाश_चालव
टायर जुने असतील तर बदलायचेच आहेत ना कधीतरी? मग आत्ताच बदला. हवेचा दाबही तपासा.

पत्रावळेकर
ब्यूटिलच घ्या, २ मिमी. डांबरी नको, उन्हात वितळते.

स्क्रू_उरला
हेच मी वर लिहिलंय.

बासभक्त
इतकी चर्चा झाली आणि मिडबासला (बासच्या वरच्या सुरांना) खरा फरक ज्याने पडतो ते कोणी बोललंच नाही. बाहेरचा पत्रा सोडा, आतल्या पत्र्याची भोकं बंद करा.
ट्रिम (दाराचं केबिनकडचं आवरण) काढलीत की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं दिसतील, वर प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असेल. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेवढीच हवा मागे ओढतो. मागची लाट उलटी असते. ती या भोकांमधून केबिनमध्ये आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते आणि खालचे सूर पोकळ वाटतात. भोकं नीट बंद केली की तेच स्पीकर वेगळे वाटायला लागतात. माझ्याकडे साधे कोअ‍ॅक्सियल आहेत, तरी मित्र विचारतात सबवूफर कुठे लपवलाय.
पण काही गोष्टी सांभाळा:
मोठ्या भोकावर नुसती शीट ताणून लावू नका, ती पोट सोडते आणि स्वतःच फडफडते. पातळ अ‍ॅल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी कापून स्क्रूने बसवा आणि तिच्यावर शीट लावा.
दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. ती बुजली तर पावसाचं पाणी आत साठतं आणि दार आतून गंजतं. मूळ पडदा काढलात तर त्याचं पाणी अडवण्याचं काम तुमच्या थराने केलं पाहिजे, नाहीतर ट्रिम ओली होते.
काही गाड्यांत दाराच्या पोकळीत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो. बाहेरून धडक बसली की पोकळीत हवेचा दाब एकदम वाढतो, ते तो ओळखतो. त्यावर काही चिकटवू नका. तुमच्या गाडीत असेल तर भोकं बंद करण्याआधी कंपनीच्या माणसाला विचारा.

स्क्रू_उरला
स्क्रूने बसवा याला दुजोरा. एकाने सगळी भोकं शीटने कायमची बुजवून टाकली होती. काचेची मोटर गेल्यावर मेकॅनिकने हात वर केले, आधी हे खरवडून आणा म्हणाला.

दणदणीत
मेकॅनिक बदला.

रुमालवाला
प्रेशर सेन्सरचं माहीतच नव्हतं. धन्स बासभक्त. रच्याकने, छताला काय लावायचं? पावसाचा ताडताड आवाज फार येतो.

टोकदार
रुमालवाला, वेगळा धागा काढा. (पावसाला ब्यूटिलचे थोडे तुकडे पुरतात. जड व्हिनाइल छताला लावू नका.)
मध्यसप्तक, काही विकत घेण्याआधी एक करा. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप टाका, ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवा. झणझण सुरू झाली की तिथेच थांबा आणि दुसऱ्या कोणाला तरी दारावर जागोजागी तळहात दाबायला सांगा: बाहेरचा पत्रा, ट्रिम, हँडल, स्पीकरची जाळी. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे रोग. बाहेरचा पत्रा असेल तर ब्यूटिल. ट्रिम असेल तर ट्रिमच्या पाठीवर क्लोज्ड-सेल (पाणी न पिणारा) फोम, ३ मिमी पुष्कळ झाला. जाड घेतलात तर क्लिपा नीट बसत नाहीत. दाराच्या आत साधा स्पंज तर अजिबात नको, पाणी पिऊन बसतो.

शून्य_डेसिबल
सहमत. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

मध्यसप्तक
सगळ्यांचे आभार. बायकोला दार दाबायला उभं केलं (तिच्या मते शेजाऱ्यांना आता वेड लागेल). ८० हर्ट्झच्या आसपास झणझण येते. बाहेरचा पत्रा दाबून विशेष फरक नाही. ट्रिम खालच्या कोपऱ्यात दाबली की जवळजवळ थांबते. मग ट्रिमच काढली. एक क्लिप तुटलेली आहे आणि लॉकची सळई स्पीकरच्या वायरिंगला घासतेय. प्रेशर सेन्सर दिसला नाही, सर्व्हिसवाल्यांनीही नाही म्हणून सांगितलं.

टोकदार
झालं तर मग. नवी क्लिप आणि सळईभोवती कापडी टेप, टेसाची ५१६०८ किंवा तसलीच वायरिंगची फ्लीस टेप. ट्रिमच्या पाठीला फोमच्या चार पट्ट्या. ब्यूटिलचा पॅक घेण्याची गरज आहे का ते नंतर बघा.

स्क्रू_उरला
+१. टेप आधी.

बासभक्त
+१, पण ट्रिम उघडलीच आहे तर भोकं बंद करून टाका. झणझण थांबेल ते वेगळं, बास सुधारेल ते वेगळं.

पत्रावळेकर
क्लिप तुटलेली असेल तर ती बदला आधी.

सावकाश_चालव
आता शीटचा खर्च वाचला, टायर बदलून टाका.

मध्यसप्तक
सर्वांचं म्हणणं पटलं. क्लिप मागवली. पण सोबत ४ मिमी ब्यूटिलचा मोठा पॅकही मागवला. छोट्याच्या तुलनेत इतका स्वस्त पडत होता की राहवलं नाही. दोन्ही दारं बाहेरच्या पत्र्याला पूर्ण मढवणार आणि उरेल ते डिकीच्या झाकणाला. फोम आणि टेप नंतर बघू.

शून्य_डेसिबल
मी काय लिहिलं होतं?

दणदणीत
शाब्बास! आता फ्लोअर.

टोकदार
घेतलंच आहे तर नीट लावा. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेट्रोलने नाही. मूळ पडद्याचा काळा चिकट दोर त्याच दोराचा गोळा टिपून टिपून निघतो, खरवडू नका. ४ मिमीचे मोठे तुकडे दाराच्या भोकातून आत जात नाहीत, तळहाताएवढे कापा. थंड असेल तर हीट गनने कोमट करा आणि वरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. प्रत्येक तुकड्यानंतर काच पूर्ण खाली घेऊन बघा. ४ मिमी म्हटल्यावर काचेच्या वाटेत यायची शक्यता जास्त. आणि हातमोजे घाला, फॉइलच्या कडेने बोटं कापतात.

स्क्रू_उरला
हातमोजे घालून चिकट कागद सोलता येत नाही पण.

टोकदार
पातळ नायट्राइलचे घाला, येतो.

बासभक्त
डिकीच्या झाकणाला लावण्याआधी पॅकमधली जेवढी शीट लावणार तेवढी झाकणावर आतून टेपने तात्पुरती अडकवा आणि ते वर थांबतं का बघा. गॅस शॉक जुने असतील तर एवढं वजन पेलत नाहीत, सामान काढताना झाकण थेट डोक्यावर येतं.

मध्यसप्तक
अडकवून बघितलं. अर्ध्यावर येऊन थांबतंय. बहुतेक थंडीमुळे असेल. अर्धीच लावतो, उरलेली व्हील आर्चला.

दणदणीत
व्हील आर्चला लावताय म्हणजे फ्लोअरचा कार्पेट उचलावा लागणारच. मी म्हटलं होतं.