टी टेस्टमध्ये टी 1.90 आलाय, म्हणजे शहरी-ग्रामीण शिक्षकांची अभिवृत्ती सारखीच का?

एमएडवाली: लघुशोधप्रबंधासाठी शिक्षकांची आयसीटीविषयीची (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) अभिवृत्ती, म्हणजे कल, मोजलीये, 20 विधानं, प्रत्येकी पाच पर्याय, म्हणजे स्कोअर 20 ते 100. शहरी 60 जण, मध्यमान 78.4, प्रमाण विचलन 9.2. ग्रामीण पण 60, मध्यमान 75.1, प्रमाण विचलन 9.8. टी (दोन मध्यमानांतला फरक तपासणाऱ्या टेस्टचा आकडा) 1.90 आणि टेबलात 118 स्वातंत्र्य मात्रांना (120 वजा 2) 0.05 सार्थकता पातळीवर 1.98, म्हणजे माझा टी कमी पडला. सर म्हणतात शून्य परिकल्पना (गटांत फरक नाही हे गृहीत) स्वीकारा, अभिवृत्ती समान आहे असं लिहून मोकळ्या व्हा. पण तीनचा फरक तर समोर दिसतोय ना?

आकडेमोड्या: ‘समान आहे’ अजिबात लिहू नका ताई. पी (संभाव्यता) साधारण 0.06 येतोय, म्हणजे खरा फरक शून्य असता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने शंभरात सहाएक वेळा दिसला असता, बस, टेस्ट एवढंच बोलते. फरक सिद्ध झाला नाही म्हणजे फरक नाही असं होत नाही. फरकाची प्रमाण त्रुटी (नमुना बदलला तर फरक किती हलेल त्याचं माप) 1.74 धरा, 1.98 ने गुणा, ते 3.3 च्या फरकातून वजा करा आणि त्यात मिळवा, की 95 टक्के विश्वासाने खरा फरक उणे 0.1 पासून 6.7 पर्यंत कुठेही असू शकतो असं निघतं, आणि जवळपास सात मार्कांचा फरक शक्य असताना समान कसं म्हणायचं? ‘परिकल्पना त्याज्य ठरवता आली नाही’ असं लिहा आणि ही रेंज द्या.

पुणेरी_पाटी: वन टेल टेस्ट (फरक एकाच दिशेने तपासणारी) लावा की, टेबल व्हॅल्यू 1.66 होते, लगेच सार्थक!

आकडेमोड्या: आकडे बघून शेपूट बदलायचं नसतं राव 😄 सिनॉप्सिसमध्ये (संशोधन आराखड्यात) ‘फरक नाही’ एवढंच लिहिलं असेल तर दोन्ही बाजू धरायच्या.

जुना_मास्तर: एक गोष्ट सगळेच विसरतात. तुमच्या स्केलचा तटस्थ बिंदू 60 (20 विधानं गुणिले मधला पर्याय 3), आणि दोन्ही गट त्याच्या बरेच वर आहेत, म्हणजे सरासरीने दोघांचाही कल अनुकूल आहे, हे टी टेस्ट सांगत नाही पण प्रबंधात खरं वाचण्यासारखं तेच आहे. कोहेनचा डी (फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे ते) 0.35 येतो, लहान ते मध्यम, तोही टाका. नकारात्मक विधानांचे गुण उलटे केलेत ना? आणि ते 60 ग्रामीण शिक्षक किती शाळांमधले? चार-पाचच शाळा असतील तर एकाच स्टाफरूममधली मतं एकमेकांसारखी निघतात, मग 60 स्वतंत्र उत्तरं आहेत हे गृहीतकच डळमळतं.

एमएडवाली: उलटे केलेत सर. शाळा सहा आहेत...

जुना_मास्तर: मग मर्यादांमध्ये ते स्पष्ट लिहा, व्हायवाला विचारतील.