मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी आणि पेट्रोल सेडान, किमतीची तुलना कशी करावी?

एकाच आकाराच्या दोन गाड्यांची कोटेशन्स समोर आहेत. सगळ्यात खालच्या व्हेरिअंटची किंमत पाहिली तर इलेक्ट्रिक बरीच महाग दिसते. रोजचं अंतर ४०-४५ किमी, महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. तुलना नेमकी कशाशी करायची? आणि मोठी बॅटरी घ्यावी का?

प्रतिसाद १

खालच्याला खालचं लावलंत तर तिथेच गफलत होते. पेट्रोलचं बेस मॉडेल बहुधा मॅन्युअल असतं आणि इलेक्ट्रिकला गिअर टाकायचेच नसतात. त्यामुळे समोर ऑटोमॅटिकच धरा. मग ताकद जुळवा: १०० किलोवॉट म्हणजे साधारण १३४ बीएचपी. एवढं केलं की निम्मं कोडं सुटतं, कारण जुळणारी पेट्रोल गाडी बहुतेक वेळा एक-दोन व्हेरिअंट वरची निघते.

आकडा ऑन-रोडचाच घ्या. कर, नोंदणी आणि विमा दोन्हींचे वेगळे असू शकतात. इलेक्ट्रिकच्या खात्यात घरचा चार्जर, वायरिंग आणि गरज पडली तर वाढीव वीजभार धरा. बॅटरी भाड्याने देणारी योजना असेल तर स्वस्त किमतीवर भाळू नका, भाडं कर्जाच्या हप्त्यात मिळवून बघा.

बॅटरीबद्दल: १०० किमीला १६ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) धरले तर तुमचं रोजचं काम सात-आठ युनिटांत होतं. बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव २०१० साली किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ च्या आसपास आला. तरीही २० किलोवॉट-तास जादा घेतले की कारखान्यातच दोन हजारांवर डॉलर वाढतात, शिवाय रोज वाहायचं वजन वेगळं.

मूळ प्रश्नकर्ता

पण लांबच्या प्रवासाला लहान बॅटरी पुरेल का?

प्रतिसाद २

ब्रोशरमधली रेंज कुठल्या चाचणीची ते आधी बघा. चीनची सीएलटीसी सगळ्यात सढळ, युरोपची डब्ल्यूएलटीपी मधली, अमेरिकेची ईपीए कडक. मग एकूण क्षमतेऐवजी 'वापरण्याजोगी' क्षमता विचारा. हायवेला वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि १६ चे २० युनिट सहज होतात. फास्ट चार्जिंगही ८० टक्क्यांनंतर मंदावतं, म्हणून ५० वापरण्याजोग्या युनिटांत दोन थांब्यांमधला हिशेब ७० टक्क्यांचा (८० पासून १० टक्क्यांपर्यंत): ३५ युनिट, म्हणजे १७५ किमी. हे चालत असेल तर मोठी बॅटरी नको.

एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी मिळत असेल तर घ्या. स्वस्त, टिकाऊ, फक्त कडाक्याच्या थंडीत चार्जिंग रडतखडत होतं.

प्रतिसाद ३

वरच्या किमतीतला फरक कधी वसूल होईल ते चार्जिंग कुठे करता यावर आहे. सेडान १६ किमी प्रति लिटर देत असेल तर १०० किमीला ६.२५ लिटर. इलेक्ट्रिकला १६ वर चार्जिंगमधला दहा टक्के तोटा धरून १७.६ युनिट. म्हणजे लिटरचा भाव युनिटच्या २.८ पटीहून जास्त असेल तरच इंधनात बचत.

समजा लिटर घरच्या युनिटच्या दहापट महाग आहे. घरी चार्ज केलं तर १०० किमीला सुमारे ४५ युनिटांचे पैसे वाचतात. फास्ट चार्जरवर युनिट तिप्पट पडलं तर घरच्याच भावाने जेमतेम १० युनिटांचे. घरी पार्किंगला चार्जिंग पॉइंट मिळणार नसेल, तर फरक वसूल व्हायला साडेचार पट किलोमीटर लागतील. तेव्हा कोटेशनवर घासाघीस करण्याआधी पॉइंटचं पक्कं करा.