शेत राखायची बंदूक निवडणुकीत जमा का करायची?

सत्तरीतला बागायतदार
आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन द्या, पावती घ्या, निकालानंतर परत आणा. २०२४ मध्ये आचारसंहिता लागली १६ मार्चला, मतमोजणी झाली ४ जूनला. काजूचा सगळा हंगाम त्यातच गेला. बोंडूंच्या वासाने गवे खाली येतात ते याच दिवसांत. रानडुकरांनी तर कुळागरातल्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतल्या केळी एका रात्रीत उपटल्या, सकाळी नांगर फिरवल्यासारखी माती. माझी बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची. दारू भरा, छर्रे घाला, गजाने ठासा, तेव्हा कुठे एक बार निघतो. हिने कोण मतदान केंद्रावर दहशत घालणार?

वाळपईची शिक्षिका
भाऊ, नुकसान खरं आहे. पण माझ्या मामाच्या मांडीत अजून दोन छर्रे आहेत. रात्री झऱ्यावर पाण्याची पाइप बघायला वाकला होता, झुडूप हललं म्हणून समोरच्याने डुक्कर समजून बार टाकला. बंदूक परवान्याचीच होती. आमच्या गावात ‘शेत राखायला’ घेतलेली किती नळकांडी खरंच शेतात असतात आणि किती रात्रीच्या पारधीला जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. निवडणुकीचे तीनेक महिने ती ठाण्यात राहिली तर मला तेवढे दिवस झोप लागते.

म्हापशाचा वकील
दोन गोष्टींची गल्लत होतेय. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा सांगितलाच आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, गवा पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या. उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर मारायलाही मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. म्हणजे बहुतेकांनी बार काढायचा तो हवेत, हुसकावण्यापुरता.
निवडणुकीबद्दल मात्र मी बागायतदारांच्या बाजूचा. निवडणूक आयोगाच्या सूचनांत जिल्हा छाननी समिती आहे ती प्रत्येक परवाना तपासण्यासाठी. कुणावर गुन्हा आहे, कोण जामिनावर आहे, पूर्वी कुणी दंगा केला, ते बघून शस्त्र जमा करून घ्यावं. सरसकट सगळ्यांना एकच नोटीस काढणं हा आळस झाला.

सत्तरीतला बागायतदार
हेच म्हणतोय. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या जमीनवाल्यांना परवान्यातूनच सूट आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत दिलीय, कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्यही केली. आम्ही सूट मागत नाही. परवाना आहे, नूतनीकरण वेळेवर करतो, तरी संशय आमच्यावरच.

काणकोणचा वाचक
कोडगूचा दाखला इथे लावू नका. ती सूट इतिहासामुळे तिथल्याच लोकांना मिळालेली आहे. आपल्याकडे पंचायतीच्या वॉर्डातलं भांडणसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालतं. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, ती उगाच नाही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, तेही बरोबरच झालं.

वाळपईची शिक्षिका
वकीलसाहेब, छाननी करा, माझी ना नाही. पण मामावर बार टाकला तो परवानाधारकाने नव्हे, त्याच्या पुतण्याने. परवाना काकाच्या नावाचा, बंदूक घरात खुंटीला, हाताला येईल त्याने उचलायची. कुठल्याही समितीला ही खुंटी दिसत नाही. भाऊ, तुमच्या घरी ती कुठे असते?

सत्तरीतला बागायतदार
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माळ्यावर असते, दारू वेगळ्या डब्यात, किल्ली माझ्या कमरेला. पण माझं वय अडुसष्ट, डोळ्याला मोतीबिंदू. गेल्या पावसात दोनदा मुलाच्या हाती दिली. परवान्यावर त्याचं नाव नाही. ही चूक माझी.

म्हापशाचा वकील
मुलाला एकवीस पूर्ण असतील तर त्याच्या नावाने वेगळा अर्ज करा. तोवर त्याच्या हाती देऊ नका. काही झालं तर तुम्हा दोघांवरही गुन्हा होईल.

वाळपईची शिक्षिका
अर्ज लिहायला मी मदत करते, रविवारी या. निवडणुकीत बंदूक जमा करण्याबद्दल मात्र माझं मत तेच राहील.