लंडन ट्रिप: रविवारी लीक स्ट्रीटला जायचं का?

ताई (लंडन): रविवारच्या प्लॅनमध्ये मी लीक स्ट्रीट टाकलंय. लंडन आय बघून झालं की चालतच जाऊ, वॉटरलू स्टेशनच्या रुळांखालून जाणारा लांबलचक बोगदा आहे, भिंती छत सगळं स्प्रे पेंटने भरलेलं. तिकीट वगैरे काही नाही

काका: अगं लोकांनी घाण केलेल्या भिंती बघायला एवढं विमानाने यायचं का? त्यापेक्षा म्युझियमला अजून एक दिवस देऊ

ताई (लंडन): काका तिथे रंगवायला मुभा आहे, कोणीही या, अर्ज नाही फी नाही. तोच डबा बाहेर येऊन दुसऱ्याच्या भिंतीवर मारला तर मात्र १९७१ च्या क्रिमिनल डॅमेज कायद्याखाली गुन्हा होतो

आत्या: पण स्टेशनखाली अशी मुभा दिली कशी कोणी?

ताई (लंडन): आत्या, आधी पॅरिसची युरोस्टार ट्रेन वॉटरलूवरनं सुटायची. नोव्हेंबर २००७ ला ती सेंट पँक्रस स्टेशनला हलली आणि खालचा रस्ता ओस पडला. मग मे २००८ मध्ये बँक्सीने, म्हणजे खरं नाव लपवून भिंती रंगवणाऱ्या त्या प्रसिद्ध चित्रकाराने, तिथे तीन दिवसांचा कॅन्स फेस्टिव्हल भरवला, ठिकठिकाणचे स्टेन्सिलवाले (कापलेल्या साच्यावरून स्प्रे मारणारे) बोलावले आणि पब्लिकला पण सांगितलं की आपापली स्टेन्सिल घेऊन या, फक्त दुसऱ्याच्या कामावर मारू नका. फेस्टिव्हल संपला तरी लोक येतच राहिले, अजून येतायत

छोटू: म्हणजे बँक्सीचं ओरिजिनल बघायला मिळणार???

ताई (लंडन): नाही रे. त्याने तिथे गुहेतली आदिमानवाची चित्रं काढली होती आणि एक सफाई कामगार प्रेशरच्या पाण्याने ती धुवून टाकतोय असं दाखवलं होतं. मे मध्ये काढलं आणि ऑगस्टपर्यंत त्याच्यावर दुसऱ्यांनी रंग मारून पण टाकला, एवढं नाव असलेल्या माणसाचं काम, पण तिथे त्याला वेगळा नियम नाही. मला या जागेचं सगळ्यात जास्त हेच आवडतं, म्हणून तुम्हाला न्यायचंय

काका: हे वाचून डहाणूची नोकरी आठवली. वारली पाड्यावर लग्न ठरलं की सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढायच्या, तो जपून ठेवायचा असतो असं कोणाच्या डोक्यातही नसायचं, पुढच्या लग्नाला भिंत सारवून परत नवा. पण त्यात देव असतो गं, इथे नुसती नावं खरडलेली असणार

ताई (लंडन): नावं भरपूर आहेत काका, खरंय, आणि त्यातली बरीचशी मला पण आवडत नाहीत. पण मधेच एखादा माणूस शिडीवर चढून तासन्‌तास एक चेहरा रंगवत असतो, आधी पुसट आउटलाइन, मग आतले रंग, शेवटी परत कडा, आणि त्याला माहिती असतं की हे आठवडाभर तरी टिकेल याची खात्री नाही. तो काम करताना बघा, मग बोलू

छोटू: मी पण रंगवणार. डबे इथूनच आणू?

ताई (लंडन): अजिबात नको!! स्प्रे पेंट विमानात चालत नाही, केबिनमध्ये पण नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही. इकडे १६ वर्षांखालच्यांना विकत पण नाही, कायदाच आहे तसा, तर मी घेऊन ठेवते. तू घरी कागदावर स्केच करून आण. चांगलं ताजं काम दिसलं त्यावर जायचं नाही, आधीच कोणी नाव मारून बिघडवलेला तुकडा शोधायचा, रोलरने बेस मारायचा आणि मग सुरू. डब्याच्या तोंडावरची कॅप बदलता येते, बारीक रेषेला स्किनी कॅप, भरायला फॅट कॅप. आतली गोळी खडखडेपर्यंत डबा हलव आणि हात एका जागी थांबवू नकोस, लगेच ओघळ येतो. झाल्या झाल्या फोटो काढ

वहिनी: आईंना दम्याचा त्रास आहे, त्या वासाचं काय?

ताई (लंडन): वहिनी वास येतोच, दोन्ही तोंडं उघडी असली तरी आत कोंडतो. आईला आत नकोच नेऊया, बाजूच्या लोअर मार्शला कॅफे आहेत तिथे बसू, मी थांबते तिच्याबरोबर. छोटूसाठी चांगला मास्क घेते, साधा कापडी नाही चालणार

काका: छोटूबरोबर मी जाईन आत. म्युझियम शनिवारी उरकू

ताई (लंडन): चालेल काका. छोटू रंग कुठले ते शुक्रवारपर्यंत कळव, तीनच्या वर नको. आणि आत जाणाऱ्यांनी जुने बूट घाला, रंग खाली पण ओला असतो