साइट सोडून कार्यालयात जावे का?

प्रश्न (पाथर्डी फाटा, नाशिक)
स्थापत्य पदवीनंतरची पाच वर्षे मी निवासी इमारतींच्या साइटवर काढली आहेत. आता मालक पगार वाढवून मला महापालिकेच्या परवानग्यांच्या कामावर नेऊ इच्छितात. रात्रीच्या स्लॅबला बाईमाणसाने थांबणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला प्रकल्प व्यवस्थापक व्हायचे आहे. ही बढती घेतल्यास ती वाट बंद होईल का?

उत्तर १ (बिलिंग अभियंता, गंगापूर रोड)
ताई, नव्या पदावर आपली सही कशावर लागणार, हे आधी विचारा. स्लॅब भरण्यापूर्वी सळई, सळयांभोवतीच्या रिंगा, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) तपासून दिलेली सही आणि ठेकेदाराच्या रनिंग बिलातील (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलातील) मोजमापावरची सही, या दोन सह्या ज्याच्या हाती, त्याचेच साइटवर चालते. जो मुकादम वर्षभर माझ्या प्रश्नांची उत्तरे शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहून देत असे, तोच, १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो धरून मी त्याच्या बिलातले जादा वजन कापले तेव्हा, ‘मॅडम, एकदा समक्ष मोजून घ्या’ म्हणत टेबलाशी आला. कार्यालयातच जायचे असेल तर बिलिंग मागावे आणि आठवड्याचे दोन दिवस साइटचे राहतील, असे लेखी घ्यावे.

उत्तर २ (निवृत्त अभियंता, इंदिरानगर)
शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झाल्या आणि पुढे पुलांच्या कामात नावारूपाला आल्या. त्यामुळे ‘बरे नव्हे’ हे कारण मला तरी जुनेच वाटते. अडचण रात्रीची नसून उजेड, परतीचे वाहन आणि स्वच्छतागृह नसण्याची असते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच शौचालयाची सोय मालकावर बंधनकारक केली होती. (आम्ही शेजारच्या बंगल्याचे दार वाजवत असू.)

उत्तर ३ (बांधकाम व्यावसायिक, मखमलाबाद)
परवानग्यांचे काम इतके हलके लेखू नये. २०२० ची एकात्मिक बांधकाम नियमावली, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), महारेराची (गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाची) नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांत मुरल्यामुळेच मला स्वतःचा प्रकल्प उभा करता आला. मात्र नोकरीतच राहून व्यवस्थापक व्हायचे असेल, तर पहिले उत्तर योग्य आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मालक बिलिंगला तयार झाले आहेत, परंतु साइटचे दोन दिवस लेखी देण्यास कां-कूं करतात. पुढचा स्लॅब होईपर्यंत मी होकार कळवणार नाही.