जुन्या जिप्सीला सुपरचार्जर बसवावा का?

खानापूरकर:

मंडळी, नमस्कार. घरात २००३ ची जिप्सी किंग आहे. सोळा व्हॉल्व्हवाली एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी), सॉफ्ट टॉप, पासिंग केए २२. वडिलांनी हौसेनं घेतलेली. पंधरा वर्षं भरल्यापासून आरसी रिन्यू करत आलोय, आताची मुदत २०२८ पर्यंत आहे. विकायचा विषय घरात कुणी काढत नाही.

जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग आहे. खताची पोती, गडीमाणसं, फवारणीचा पंप, सगळं हीच गाडी वाहते. बागेच्या तोंडाशी तांबड्या मातीचा उभा चढ आहे. जूनचे पहिले पाऊस झाले की तिथं ट्रॅक्टरसुद्धा आडवा होतो. म्हणून गेल्या पावसाळ्याआधी ३१ इंची मड टायर घातले, त्यासाठी सस्पेन्शन दोन इंच उचललं, पुढं लोखंडी बंपर आणि विंच लावला. चढावर गाडी आता चिकटून जाते, त्यात शंका नाही. पण रस्त्यावरचा जोर गेला. बायकोचं माहेर वाळपईला. येताना केरी सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला, गाडीत चार माणसं आणि सामान असलं, की वळणातून बाहेर पडताना तिसऱ्यात दम टाकते. दुसऱ्यातच ओढत न्यावी लागते.

कोल्हापुरात एकाकडे जपानी गाडीतून काढलेला आयसिनचा एएमआर ५०० सुपरचार्जर, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा ब्लोअर, आहे. जाऊन बघून आलो. हातानं रोटर फिरवले, खरखर नाही, शाफ्टला खेळ नाही, सीलपाशी तेल नाही. ब्रॅकेट आणि पुली बेळगावातच करून घेता येईल. टर्बोसारखी वाट न बघता खालच्या आरपीएमपासून जोर देतो म्हणतात, आणि माझ्या इंजिनाला खालीच जोर नाही. खरं सांगायचं तर जीव अडकलाय त्यात. या वयाचं इंजिन ते सोसेल का? बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, किती ठेवावा? पेट्रोल कुठलं? कुणी केलं असेल तर मोकळेपणानं सांगा.


चंदगडची वाट:

दादा, त्यापेक्षा जुन्या बलेनोचं १.६ इंजिन बसवा. जी १३ आणि जी १६ एकाच घरातली, बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सच्या तोंडाला) बसतं. ८० च्या जागी ९४ बीएचपी, आणि टॉर्क १०३ वरून १३० न्यूटन मीटर. रॅलीवाल्यांनी पूर्वीपासून केलेलं काम आहे. फक्त वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याच इंजिनाचं पूर्ण घ्या, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका. ती जुनी बलेनो बंद होऊन जमाना झाला, त्यामुळं चांगलं इंजिन मिळवायला शोध घ्यावा लागेल. इंजिन नंबर आरसीवर चढवायचा तर आरटीओत आधी जाऊन या.


उद्यमबाग:

खानापूरकर, तुमचा प्रश्न वाचून कागद-पेन घेऊन बसलो. माझा व्यवसाय टर्निंग-ग्राइंडिंगचा, क्रँकशाफ्ट रोज हाताखालून जातात. त्यामुळं ब्रॅकेट-पुलीची चिंता सोडा, ती इथं कुणीही करून देईल. चिंता दुसरीच आहे.

आधी टायर बघू. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर. तुमचा ३१ इंची म्हणजे ७८७. चाक जवळजवळ १८ टक्के मोठं झालं. याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाला आणि जमिनीशी मिळणारी ओढ १५ टक्के घटली. खात्री करायची असेल तर मोबाईलवर जीपीएस लावून बघा, काटा ६० दाखवत असेल तेव्हा गाडी खरी ७० नं चालली असेल. त्यावर बंपर, विंच आणि चार जड टायर. गाडी मुळात टनाच्या आसपासची, तिला हे वजन लगेच जाणवतं. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ४५०० आरपीएमला आहे. उंच गिअरमुळं चढावर इंजिन त्या जागेच्या बरंच खाली फिरतं आणि तुम्हाला वाटतं इंजिन कमजोर झालं.

आता सुपरचार्जर. इंजिन १२९८ सीसीचं, फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात जास्तीत जास्त ६४९ सीसी हवा घेणार. एएमआर ५०० एका फेऱ्यात साधारण ५०० सीसी ढकलतो. पुली १.८ पट केली तर ९०० सीसी. कागदावर ०.४ बारच्या जवळ बूस्ट, गळती धरली तर ०.३. यापेक्षा जास्त या वयाच्या इंजिनावर मी तरी टाकणार नाही. ०.३ बारला रूट्स प्रकारचा ब्लोअर ३० अंशांची हवा ७० च्या पुढं तापवतो, आणि तापलेली हवा विरळ. पट्टा फिरवायलाही इंजिनाचीच ताकद जाते. सगळी वजावट केली तर हातात १५ ते २० टक्के उरतील.

म्हणजे टायरनं जेवढं काढून घेतलं, साधारण तेवढंच सुपरचार्जर परत देणार. तेसुद्धा पाय पूर्ण दाबलेला असताना. बागेच्या चढावर तुम्ही फोर लोमध्ये (चारही चाकांना ओढ, सगळ्यात खालचा गिअर) अर्ध्या पायावर जाता, तिथं थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट मिटलेला असतो आणि बूस्ट जवळजवळ शून्य. ज्या चढासाठी गाडी ठेवलीय, तिथं या खर्चाचा उपयोग नाही.

आणि खर्च नुसत्या ब्लोअरचा नाही. जिप्सीचा ईसीयू इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर चालतो, त्याला वातावरणाच्या दाबापर्यंतच कळतं. वर बूस्ट गेला की ईसीयूच्या लेखी काही घडलेलंच नाही, पेट्रोल तेवढंच सोडणार. हवा-पेट्रोलचं मिश्रण कोरडं पडलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसणं), आणि नॉकिंगनं पिस्टनची रिंगेची पट्टी तुटते. आमच्याकडे असे पिस्टन येतात. वरून बघितलं तर डोक्यावर बारीक वाळू मारल्यासारखे ठिपके असतात, आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगेच्या मधला अॅल्युमिनियमचा तुकडा नखानं निघतो. हे टाळायचं तर मोठे इंजेक्टर, नवा ईसीयू, मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि बूस्टखाली ठिणगीचं टायमिंग मागं घेणारा माहितगार ट्यूनर हवा. तापलेली हवा गार करणारा इंटरकूलरही लागेल. तो रेडिएटरपुढं बसवला की चिखलात पाच किलोमीटरच्या वेगानं चालताना रेडिएटरची हवा अडवणार. त्यात आपल्याकडची तांबडी माती पट्ट्यात शिरते. ओला पट्टा घसरतो, आणि त्याच पट्ट्यावर वॉटर पंपसुद्धा आहे का, हे आधी बघा.

माझं मत स्पष्ट आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती दाबतो ते) तपासा, गिअरिंग खाली आणा. त्यानंतरही कमी वाटलं तर सुपरचार्जरचं बोलू.


निपाणीचा:

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२ ए कलमात मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. तुम्ही तर आज बेळगाव, उद्या गोवा, परवा चंदगड, तीन राज्यांचे पोलीस रस्त्यात.

दंडापेक्षा मला इन्शुरन्सची काळजी वाटते. न कळवता इंजिनाला हात लावला आणि घाटात काही झालं तर क्लेम अडतो. गाडीत घरची माणसं असतात ना तुमच्या. आणि २०२८ ला रिन्यूअलच्या तपासणीत बॉनेट उघडलं की ब्लोअर लपत नाही. वडिलांची गाडी एवढ्या जिवानं सांभाळलीय, ती कागदावर अडकू देऊ नका.


खानापूरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. जीपीएस लावून बघितलं, काटा ६० ला असताना मोबाईल ७० दाखवतोय. अगदी सांगितलं तसंच.

काल कॉम्प्रेशन पण काढलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. पहिला १२.५ किलो, दुसरा १२.५, तिसरा ११, चौथा १२.५. मिस्त्री म्हणतात १४ पाहिजे, इंजिन उतरवूया, रिंग-पिस्टन करूया. उद्यमबागवाले, तुम्ही काय म्हणता? चंदगडच्या दादांचं बलेनोचं मलाही पटलं होतं, पण नंबर बदलायचा म्हटल्यावर घरी आई तयार नाही. वडिलांच्या नावचं इंजिन तेच राहू दे म्हणते.


उद्यमबाग:

आईंचं बरोबर आहे, आणि इंजिन उतरवायची घाई करू नका. १४ हा आकडा समुद्रसपाटीचा. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, इथं हवेचा दाबच आठ-नऊ टक्के कमी. म्हणजे आपल्याकडे नव्या इंजिनालासुद्धा १३ च्या आसपासच येणार. तुमचे तीन सिलिंडर ठणठणीत आहेत, एवढ्या वर्षांनी १२.५ म्हणजे गाडी कुणीतरी नीट तेल बदलत वापरलीय. (याच हिशेबानं तुमचे ८० बीएचपी इथं ७३ च्या घरात असतात, तो भाग वेगळा.)

प्रश्न तिसऱ्याचा आहे. दोन सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा गेज लावा. आकडा चढला तर रिंग. तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह.


खानापूरकर:

आज सकाळी केलं. ११ चे ११.२ झाले, बस्स.


उद्यमबाग:

मग व्हॉल्व्ह. हेड तेवढं उतरवा, खालचं इंजिन उघडायचं नाही. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून घ्या. सीटवर सलग राखाडी पट्टा दिसला पाहिजे, कुठं काळा डाग राहिला तर तिथून गळती आहे. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळालेला निघाला तर घासत बसू नका, नवा घाला. हेड प्लेनिंगला (सपाट करायला) कुणाकडेही द्या, पण आधी सरळ पट्टी लावून वाकलंय का बघायला सांगा, उगीच मटेरिअल काढू देऊ नका. व्हॉल्व्ह सील, हेड गॅसकेट आणि टायमिंग बेल्ट त्याच वेळी नवे. एवढ्यानंच गाडी बरीच मोकळी होईल.


चंदगडची वाट:

आणि टायरचं? माझं ऐका, २३५/७५ आर १५ वर या. व्यास ७३३, कंपनीपेक्षा दहा टक्केच मोठा, वजनाला हलका. मी तिलारीच्या बाजूला भर पावसात त्याच मापावर फिरतो, हवा थोडी कमी केली की तांबड्या चिखलात पकड चांगली राहते. तुमच्या पूर्वेला गोकाक-बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत मात्र कुठलाच टायर पुरत नाही, ती माती चाकाला लाडवासारखी बसते.


खानापूरकर:

हेड उतरवायला उद्या गाडी देतोय. टायर मात्र बदलणार नाही, त्या चढावर ३१ इंचीनं जो फरक पडला तो मी बघितलाय, आणि पोटाखाली दगड लागायचा तोही बंद झाला. गिअरिंगच खाली आणतो. कोल्हापूरवाल्यांना फोन करून सांगितलं की ब्लोअर दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर द्या, माझ्यासाठी अडवून ठेवू नका. वाईट वाटलं, पण चोर्ल्यासाठी आणि बागेसाठी मला गाडी रोज हवी, ट्यूनरच्या दारात उभी नको.

आता एवढंच सांगा, क्राउन-पिनियन (अॅक्सलमधली गिअरची जोडी) बदलू की ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या डब्याचे) गिअर?


उद्यमबाग:

ट्रान्सफर केसच्या गिअरचा फायदा असा की एकच डबा उघडायचा, आणि लोमध्ये गाडी आणखी सावकाश, ताब्यात चालते. बागेच्या चढाला ते फार उपयोगी. पण किट घेताना विचारा, हायचा (रोजच्या रस्त्यावरचा) रेशो पण खाली येतो का. काही किटांत फक्त लो बदलतो, मग चोर्ल्यात तुमची तक्रार तशीच राहील.

क्राउन-पिनियन घेतलात तर पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच रेशोचं लागतं, नाहीतर फोर बाय फोर टाकल्याबरोबर गाडी स्वतःशीच भांडेल आणि ट्रान्सफर केस फुटेल. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका, दात मोजा. तुमच्या किंगला क्राउनला ४३ आणि पिनियनला ११, म्हणजे ३.९१. एक लिटरच्या जुन्या जिप्सीचा ४.११ मिळेल, पण त्यानं पाचच टक्के परत येतात, आणि तुमच्या शाफ्टला जुळतो का तेही बघावं लागेल. ३१ इंचीला कंपनीची ओढ परत हवी तर ४.६ च्या जवळ जावं लागेल. तो जोड मिळवायला वेळ जाईल, तोवर हेडचं काम होऊ दे. आणि बसवताना मिस्त्रींना निळा रंग लावून दातांचा ठसा दाखवायला सांगा. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला किंवा मुळाला आला तर शिम (पातळ चकती) बदलून पुन्हा बसवायचं, तसंच बंद करू द्यायचं नाही. जोड हातात आला की माझ्याकडे घेऊन या, बॅकलॅश (दातांमधला खेळ) डायल गेजवर बघून देतो.