पीडीएफ उघडते, पण मजकूर हाती लागत नाही

प्रश्न:
वडिलांनी २००१ साली आठवणी लिहून ठेवल्या. एका डीटीपी (पानं मांडायच्या) सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक). ते सॉफ्टवेअर आता माझ्याकडे नाही. सोबतची पीडीएफ मात्र झकास उघडते, अगदी काना-मात्रेसकट. पण त्यातला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे टाकला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. पुढच्या वीस वर्षांसाठी हे कशात ठेवू?

उत्तर १:
फॉन्ट पीडीएफच्या पोटातच आहे, म्हणून दिसायला ठीक. आत मात्र 'क' हा 'क' म्हणून नाहीच. कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागेवर त्याचं चित्र बसवलंय. आधी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. आणि मग रफार तपासा, डोळ्यांत तेल घालून. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडात आधी.

उत्तर २:
नुसतं 'पीडीएफ/ए करा' म्हणून भागत नाही. हे जपणुकीसाठीचं मानक २००५ सालचं. फॉन्ट आत हवाच, पासवर्ड चालत नाही, वगैरे. पण त्याची 'बी' पातळी फक्त दिसण्याची हमी देते. मजकूर शोधता यायला हवा असेल तर 'यू' किंवा 'ए' पातळी बघा.
मी स्वतः तीन प्रती ठेवतो: पीडीएफ/ए, ओडीटी (लिबरऑफिसची फाइल) आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मधली साधी टेक्स्ट फाइल. शेवटचीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा, दिसायला कितीही भिकार असली तरी.

उत्तर ३:
वर्डची डॉक्स (.docx) फाइलही वाईट नाही हो. फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल असते, सगळा मजकूर तिथेच. उद्या वर्ड नसलं तरी नोटपॅडमध्ये वाचता येईल. वर्डच्या जुन्या डॉक (.doc) फाइलचं तसं नाही, तिच्यात बघाल तर नुसता कचरा.

प्रश्नकर्ता:
आभार! कन्व्हर्ट केलं. 'पूर्वी'चं सगळीकडे 'पूवीर्' झालंय आणि 'मार्च'चं 'माचर्'. फाइंड-रिप्लेसने निम्मं सुटलं, बाकीचं पीडीएफ शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडतोय. एके ठिकाणी वडिलांनीच 'आर्शिवाद' लिहिलंय. तेवढं तसंच ठेवलं.